वर दोन बोटं जागा

अनंतराव देवगावकरांकडे इंग्रजी पत्र लिहायला शिकायला कुणी गेलं, की ते त्याला आधी तार लिहायला लावत. विषय कुठलाही असो. नोकरीचा अर्ज असो, कारखान्याला पाठवायची चौकशी असो, नाहीतर मुंबईच्या मामाला लिहायची खुशाली असो. "सात शब्दांत सांग," ते म्हणत. "सातात बसत नसेल तर तुला काय पाहिजे ते अजून तुझं तुलाच कळलेलं नाही." तार जमली की तिला कपडे घालायचे. सरकारी पत्राला इस्त्रीचे, घरच्या पत्राला घरचे. तिसरा एक प्रकार ते शेवटच्या आठवड्यात शिकवत. एका अधिकाऱ्यानं दुसऱ्या अधिकाऱ्याला नावानिशी लिहिलेलं, म्हटलं तर सरकारी, म्हटलं तर खाजगी असं पत्र. कचेरीत त्याला डीओ म्हणतात. त्या पत्रात वर दोन बोटं आणि खाली दोन बोटं जागा कोरी ठेवायची, असं ते सांगत, आणि "का?" असं कुणी विचारलं की चष्मा काढून मांडीवर ठेवत. मग बावन्न सालची गोष्ट निघे.

हा वर्ग औरंगपुऱ्यात त्यांच्या घराच्या ओट्यावर चाले. निवृत्तीनंतर, म्हणजे १९६४ पासून, तो चौदा वर्षं चालला. वेळ पाच ते साडेसहा. फी नाही, पण उशीर चालत नसे.

बावन्न साली अनंतराव बेचाळीस ओलांडून गेले होते. शहरातल्या एका सरकारी कचेरीत ते फसली सन १३३६ मध्ये, म्हणजे १९२६ साली, उमेदवार कारकून म्हणून लागले. निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू. देवगावकरांच्या घरात तीन पिढ्या कलमावर जेवलेल्या. अनंतरावांचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं की दुसऱ्या कचेरीतले लोक नुसतं ते बघायला येत. अर्जाचा मायना कसा असावा, कोणत्या हुद्द्याला कोणती बिरुदं, कुठं 'गरीबपरवर', कुठं 'आली-जनाब', आणि खाली स्वतःला 'फिदवी' कधी म्हणायचं, हे सगळं त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एकदा शेजारच्या मेजावरच्या कारकुनानं मायन्यात एक बिरूद कमी लिहिलं, तर त्याला दिवसभर साहेबांच्या खोलीबाहेर उभं केलं होतं. तेव्हा अनंतराव एकोणीस वर्षांचे होते. ते त्यांनी मनात पक्कं लिहून ठेवलं.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि दोन-तीन वर्षांत कचेरीची भाषा बदलली. नवे साहेब मद्रासकडचे होते. वय एकोणतीस. त्यांना उर्दू येत नव्हती आणि मराठीही येत नव्हती. सगळं काम इंग्रजीत. अनंतरावांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं होतं. वाचलेलं कळे, लिहायची वेळ कधी आली नव्हती. पण ते घाबरणाऱ्यांतले नव्हते. दमयंतीबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, त्यांनी सांगितलं, "भाषा बदलली. कारकून तोच आहे."

सप्टेंबर एक्कावन्नमध्ये साहेबांनी त्यांना पहिलं पत्र लिहायला सांगितलं. लांबलांबच्या गावांहून आलेले अर्जदार कचेरीमागच्या ज्या पडवीत बसत, तिची कौलं फुटली होती. दुरुस्तीची परवानगी हैदराबादेहून मागवायची होती. अनंतरावांनी रीतीप्रमाणं लिहिलं. गरिबांच्या पालनकर्त्या, न्यायाच्या आधारस्तंभा, आपलं ऐश्वर्य उत्तरोत्तर वाढो, हा आज्ञाधारक सेवक आपल्या पायांशी विनम्रपणे अर्ज करतो, असं सगळं शब्दकोश उघडून इंग्रजीत आणलं. दीड पान झालं. कौलं शेवटच्या ओळीत आली.

साहेबांनी पहिलं पान वाचलं. उलटलं. परत पहिल्यावर आले. मग काळजीच्या सुरात इंग्रजीत विचारलं, "कोण वारलं?"

हेडक्लार्क तात्यासाहेब शेजारीच उभे होते. ते नगरच्या मिशन शाळेत शिकलेले, त्यामुळं कचेरीत इंग्रजी म्हणजे तेच. त्यांनी तोंडाला रुमाल लावला, पण खांदे हलत होते. पत्र शेवटी त्यांनीच लिहून पाठवलं, आणि दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या कचेरीत झाली. "काय अनंतराव, सुतक कधी फिटतंय?" असं जो तो विचारू लागला.

महिन्याभरात हुकूम निघाला. सोमवार, ३ मार्च १९५२ रोजी सगळ्या जुन्या कारकुनांची इंग्रजी मसुद्याची परीक्षा होईल. एक सरकारी पत्र, एक खाजगी पत्र, एक डीओ. शंभरात पन्नास गुण. जे पास होतील ते जागेवर राहतील. जे होणार नाहीत ते खुलताबादला दप्तरखान्यात जातील.

खुलताबाद काही परदेश नव्हतं. डोंगरावरचं गाव, हवा चांगली. पण तिथल्या दप्तरखान्यात काम एकच: जुनी उर्दू दप्तरं उन्हात टाकायची, झटकायची, लाल कापडात बांधायची, फळीवर ठेवायची. अनंतरावांची तेरा वर्षं नोकरी उरली होती. तेरा वर्षं कलम खाली ठेवून सुतळी धरायची. त्यांनी हुकूम दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि शहागंजात जाऊन पत्रलेखनाचं एक जुनं पुस्तक विकत आणलं. त्याची पहिली बारा पानं नव्हती. "बाराच गेलीत," ते दमयंतीबाईंना म्हणाले. "उरलेली एकशे ऐंशी पाठ करतो."

केलीही. पण पुस्तकातली पत्रं विलायतेतल्या लोकांनी विलायतेतल्या लोकांना लिहिलेली होती. पाठ होत, पण कामाला येत नसत.

त्यांना खरा गुरू भेटला तो रेल्वे स्टेशनवर. ऑक्टोबरात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून धाकट्या भावाला, श्रीनिवासला, परभणीला तार करायला ते स्टेशनवर गेले. तारबाबू रामकिसन लासूर स्टेशनकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. कानावर पेन्सिल, तोंडात सुपारी. अनंतरावांनी फॉर्म पुढं केला. इंग्रजीत अडतीस शब्द होते.

रामकिसननं वाचलं आणि वर बघितलं. "अनंतराव, ही तार हाय का कीर्तन?"

"का? काय चुकलं?"

"चुकलं कायच नाय. लई गोड हाय. पण तारंवर पाखरं बसतेत, वऱ्हाड नाय बसत." त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "परमप्रिय बंधू... हे कशाला? त्याला ठाव नाय व्हय तुमी भाऊ हायेत ते? गेलं. ईश्वरकृपेने... गेलं. कळविण्यास अत्यंत चिंता वाटते की... गेलं. आता बघा काय ऱ्हायलं."

इंग्रजीत राहिलं ते एवढंच: आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी. बुधवारी ये.

अनंतरावांना ते उघडंबोडकं वाटलं. "अरे, निदान मायना तरी ठेव."

"मायन्यानं गाडी पकडता येती व्हय? बुधवारी ये म्हणलं की माणूस पिशवी भरतो."

श्रीनिवास बुधवारी आला. अनंतराव त्याला घ्यायला स्टेशनवर गेले, आणि परत निघताना तारघराच्या खिडकीत डोकावून म्हणाले, "रामकिसन, रविवारी मोकळा असतोस?"

पुढचे वीस रविवार अनंतराव सकाळी नऊला स्टेशनवर गेले. बरोबर दमयंतीबाईंनी केलेले धपाटे आणि दह्याचा डबा. ते आठवड्यात लिहिलेली पत्रं पुढं ठेवत, आणि रामकिसन एका हातानं धपाटा मोडत दुसऱ्या हातानं शब्द खोडत जाई. त्याला व्याकरण फारसं येत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की कोणता शब्द काढला तर काम अडतं आणि कोणता काढला तर अडत नाही. नोव्हेंबर संपता संपता अनंतराव स्वतःच घरून खोडून नेऊ लागले. विषय एका ओळीत वर. मग डिअर सर. पहिल्या वाक्यात काय घडलं, दुसऱ्यात त्यामुळं काय अडलं, तिसऱ्यात काय पाहिजे, केव्हापर्यंत. युवर्स फेथफुली. सही. एका रविवारी रामकिसननं पत्र वाचलं, पेन्सिल काढली, आणि तिच्या टोकानं दातातली सुपारी काढून पेन्सिल परत कानावर ठेवली. अनंतराव त्या दिवशी स्टेशन ते औरंगपुरा पायी आले. टांग्याची आठवणच झाली नाही.

खाजगी पत्राची परीक्षा घरात झाली. अनंतराव श्रीनिवासला इंग्रजीत पत्र लिहीत आणि दमयंतीबाई भाजी निवडायला बसल्या की त्यांना मराठीत सांगत. पहिलंच पत्र ऐकून त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"हे भावजींना पत्र आहे की समन्स?"

"का? विषय वर आहे, मागणी खाली आहे."

"तेच. दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून म्हणे! परवा इथं जेवायला बसले होते तर ताक घेतलं नाही त्यांनी. पोट दुखायचं ते थांबलं का, ते विचारा आधी."

"ते इंग्रजीत कसं विचारायचं?"

"ते तुम्ही बघा. मी कुठं परीक्षेला बसलेय?"

अनंतरावांनी विचारलं. पोट, ताक, परभणीची खानावळ, सगळं पत्रात आलं. लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं की पत्र एकाएकी सरळ चाललंय. त्यावरून त्यांनी आपल्यापुरता एक नियम बसवला आणि पुढं चौदा वर्षं ओट्यावर तोच सांगितला: वरचं नाव बदललं तरी जे चालतं ते सरकारी पत्र. वरचं नाव बदललं की जे मोडतं ते घरचं.

आता डीओ राहिला. मजकूर त्यांना कठीण नव्हता. तार आधी, मग थोडे मऊ कपडे. अडत होतं ते पहिल्याच ओळीत. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की वर 'माय डिअर' आणि पुढं त्या माणसाचं आडनाव. नुसतं नाव. मागं श्री नाही, पुढं साहेब नाही. म्हणजे हैदराबादच्या बड्या साहेबाला, ज्याच्या सहीनं माणसं बदलून जातात त्याला, देवगावकर नावाच्या कारकुनानं आपल्या हातानं 'माय डिअर कृष्णस्वामी' असं लिहायचं. पत्र साहेबांच्या सहीनं जाणार हे त्यांना कळत होतं. पण अक्षर आपलं. त्यांनी घरी पाटीवर लिहून पाहिलं आणि लगेच पुसलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून दाराकडंही पाहिलं.

रामकिसनला ते हसण्यासारखं वाटलं. "लिहा की बिनधास्त! तो काय कागदातून हात काढून मारतो?"

"तुला नाही कळायचं," अनंतराव म्हणाले, आणि त्यांनी तो प्रश्न परीक्षेच्या दिवसावर सोडला. त्या दिवशी हात आपोआप चालेल, अशी त्यांची खात्री होती.

३ मार्चला अकरा वाजता नऊ कारकून कचेरीच्या मोठ्या खोलीत बसले. तात्यासाहेबांनी कागद वाटले. पहिलं पत्र, बियाणं उशिरा आल्याबद्दल वरच्या कचेरीला. अनंतरावांनी ते अर्ध्या तासात संपवलं. दुसरं पत्र, परगावी शिकणाऱ्या भावाला; त्यात त्यांनी खानावळीचं ताक घातलं. तिसरा प्रश्न वाचून मात्र ते चमकले. हैदराबादच्या श्री. कृष्णस्वामी यांना साहेबांच्या सहीनं डीओ लिहा. विषय, पडवीची कौलं.

सहा महिन्यांपूर्वी ज्या कौलांनी त्यांचं हसं केलं होतं तीच. अनंतरावांना बरं वाटलं. त्यांनी चार वाक्यं लिहिली. पडवीत रोज साठ-सत्तर अर्जदार बसतात. कौलं फुटली आहेत. जूनच्या आत दुरुस्ती झाली नाही तर त्यांना बाहेर उभं राहावं लागेल. सरकारी मागणी सप्टेंबरातच गेली आहे, आपण स्वतः लक्ष घातलंत तर काम होईल. रामकिसनला एक शब्द खोडता आला नसता.

मग ते वर आले. 'माय डिअर' लिहायला वर दोन बोटं जागा त्यांनी आधीच सोडली होती. टाक दौतीत बुडवला. शाई टिपली. टाक कागदाच्या वर धरला. हात चालला नाही. खाली सहीच्या वर 'युवर्स सिन्सिअरली' लिहायचं होतं, पण वर नाव नसताना खाली आपुलकी कशी लिहायची म्हणून तेही राहिलं. दोन वाजले. तात्यासाहेबांनी कागद उचलला, वरची कोरी जागा पाहिली, खालची पाहिली.

"खुलताबादला उन्हाळा फार सोसावा लागत नाही म्हणतात," ते म्हणाले.

"ऐकून आहे," अनंतराव म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी दमयंतीबाईंना सगळं सांगितलं. दोन पत्रं उत्तम गेली, तिसरं मायन्यावाचून राहिलं, आणि परीक्षेत मायना नसलेल्या पत्राला कोण गुण देणार, त्यावाचून पन्नास कसे भरणार?

दमयंतीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "इतकी वर्षं झाली लग्नाला. मी कधी तुमचं नाव घेतलं?"

"मंगळागौरीला उखाण्यात घेतलंस."

"ते गंमतीत. तसं कधी? तर उद्या मला तुम्हाला पत्र लिहायचं झालं, तर मी तरी वर काय लिहिणार? जागाच सोडीन. ज्याची हाक त्यानं मारावी."

"परीक्षेत असं चालत नाही गं."

"मग खुलताबादला जाऊ," त्या म्हणाल्या. "पण तोंड पाडून नाही जायचं."

गुरुवारी साहेबांनी अनंतरावांना आत बोलावलं. तात्यासाहेब आधीच तिथं उभे होते. मेजावर अनंतरावांचे तीन कागद होते. साहेब सावकाश इंग्रजी बोलत, म्हणून सगळं कळलं.

"सरकारी पत्राला चाळीसपैकी चौतीस. खाजगीला तीसपैकी चोवीस," साहेब म्हणाले. अनंतरावांनी मनात बेरीज केली. अठ्ठावन्न. पण साहेबांनी तिसरा कागद उचलला. "आणि हा. नऊ जणांपैकी आठ जणांनी इथं मायना लिहिलाय. तुम्ही जागा सोडलीत. डीओत मायना आणि शेवट अधिकारी स्वतःच्या हातानं लिहितो, ही चाल तुम्हाला कुणी शिकवली? तात्यासाहेबांनी?"

तात्यासाहेबांनी अनंतरावांकडं पाहिलं. अशी चाल असते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. अठ्ठावन्नमध्ये पास होऊनही झालं होतं. पण साहेबांच्या आवाजात जो मान होता तो कारकुनाच्या ज्ञानाला होता, आणि ते ज्ञान अनंतरावांकडं नव्हतं. कलमावर जेवलेल्या घरात अशी बिरुदं घ्यायची नसतात. ते रामकिसनच्या पद्धतीनं बोलले, इंग्रजीत, आठ शब्दांत. ठाऊक नव्हतं, सर. माझा हात चालला नाही.

साहेब मोठ्यानं हसले. सप्टेंबरात हसले असते तसं नव्हे. "मग त्या जागेचे गुण देणार नाही," ते म्हणाले. "बाकीच्या मजकुराचे पंचवीस." त्यांनी आपलं पेन उघडलं, तो कागद पुढं ओढला आणि वरच्या दोन बोटांच्या जागेत स्वतःच्या हातानं 'माय डिअर कृष्णस्वामी' लिहिलं. खालच्या जागेत 'युवर्स सिन्सिअरली' लिहून सही ठोकली. "हे आजच्या टपालात जाऊ द्या. दुसऱ्यांदा उतरवून काढायची गरज नाही."

तात्यासाहेबांना परीक्षेचा कागद जावक रजिस्टरात चढवावा लागला. क्रमांक घालताना ते पुटपुटले, "सव्वीस वर्षांच्या नोकरीत परीक्षेचा पेपर टपालात गेलेला पहिल्यांदा बघतोय."

"मीपण," अनंतराव म्हणाले. "लिफाफा कोणता घेऊ, लांब की चौकोनी?"

मे संपायच्या आत पडवीवर नवी कौलं बसली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दमयंतीबाई आठ दिवस माहेरी लासूर स्टेशनला गेल्या. सहाव्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. वर दोन बोटं जागा कोरी होती. खाली लिहिलं होतं: मंगळवारी येते. सकाळची पॅसेंजर. स्टेशनवर या.

बाकी कार्ड मोकळं.

मंगळवारी गाडीला अर्धा तास अवकाश होता. अनंतरावांनी ते कार्ड तारघराच्या खिडकीतून रामकिसनच्या पुढं सरकवलं. रामकिसननं कानावरची पेन्सिल काढली, कार्ड एकदा वाचलं, परत एकदा वाचलं, वरच्या कोऱ्या जागेकडं बघितलं आणि पेन्सिल जागेवर ठेवली.

"डब्यात धपाटे हायेत का?" त्यानं विचारलं.

"ती आली की मिळतील," अनंतराव म्हणाले, आणि प्लॅटफॉर्मकडं निघाले.